भंगारातून उभी राहिलेली गाडी

घरातील जुनी वस्तू एकदम टाकून देऊ नये, हा संस्कार आपल्या घरांत फार पूर्वीपासून चालत आलेला आहे. आजीच्या जुनेराची गोधडी होते, फाटक्या धोतराचे पंचे होतात, आणि फुटक्या तांब्या-पितळेची मोड देऊन नवे भांडे घरी येते. वस्तूचे पहिले काम संपले म्हणजे तिचे आयुष्य संपले, असे आपले वाडवडील मानीत नसत. परंतु मोटारगाडी जुनी झाली म्हणजे तिचे काय करावे? गाडी ही काही गोधडी नव्हे. ती रस्त्यावर धावते, आत माणसे बसवून धावते, आणि तिच्यापुढून-मागून इतर माणसेही चालत असतात. म्हणूनच या प्रश्नाचा थोडा सविस्तर विचार विद्यार्थिमित्रांपुढे मांडावा, असे आम्हांस वाटले.

जुन्या गाडीची गती साधारणपणे चार प्रकारची असते. ती भंगारात जाते व वितळून पुन्हा लोखंड होते, ही पहिली गती. तिची डागडुजी करून ती मूळ होती तशीच, खिळ्या-स्क्रूसह, पुन्हा उभी केली जाते, ही दुसरी. तिचे भाग सुटे करून त्यांतून हौसेखातर एक निराळीच गाडी घडविली जाते, ही तिसरी. आणि पोटापाण्याच्या गरजेपोटी तिच्यातून कामाचे नवे वाहन तयार केले जाते, ही चौथी. आमच्या लेखाचा विषय मुख्यत्वे तिसरी व चौथी गती हा आहे. मात्र दुसरीचा थोडा उल्लेख केल्याशिवाय पुढील गोष्टी नीट कळावयाच्या नाहीत.

दुसऱ्या गतीचे उत्तम उदाहरण आपल्या बडोदेकरांनी घरबसल्या पाहिले आहे. सन २०२३ च्या जानेवारी महिन्यात लक्ष्मी विलास राजवाड्याच्या विस्तीर्ण आवारात देशोदेशींच्या जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन व स्पर्धा भरली होती. संस्थानिकांच्या काळातील मोटारी तेथे जणू काल कारखान्यातून बाहेर पडल्या असाव्यात, अशा तजेल्याने उभ्या होत्या. अशा स्पर्धेत परीक्षक पाहतात ते हे, की गाडी मूळच्या रूपाशी किती प्रामाणिक राहिली आहे. दिवा, घुंडी, कातड्याची बैठक, रंगाची छटा, सारे काही निर्मात्याने दिले होते तसेच हवे. त्यात मालकाने स्वतःची कल्पना लढविली, तर गुण वाढण्याऐवजी कमी होतात. थोडक्यात, येथे कारागिराचे कौशल्य आहे ते स्वतःला लपविण्याचे.

याच्या अगदी उलट वृत्ती अमेरिकेत जन्मास आली. तिला तिकडे 'रॅट रॉड' असे नाव आहे. शब्दशः पाहू गेल्यास त्यात उंदीर येतो! हे नाव कसे पडले, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

हेन्री फोर्ड यांच्या कारखान्याने १९०८ ते १९२७ या काळात 'मॉडेल टी' नावाची साधी, स्वस्त मोटार काढली. अशा गाड्या सुमारे दीड कोटी तयार झाल्या. शेतकरी लोक या मोटारीचा मागचा भाग काढून तेथे लाकडी पेटी बसवीत आणि भाजीपाला, धान्य, दुधाचे कॅन बाजारात नेत. हे पाहून १९२५ मध्ये फोर्डने कारखान्यातूनच मागे हौदा बसविलेली गाडी विक्रीस काढली. पुढे दोन माणसांची केबिन व मागे उघडा हौदा, अशी ही 'पिकअप' गाडी. म्हणजे पिकअपचा जन्मच मुळी गावठी फेरबदलातून झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून कॅलिफोर्निया प्रांतातील तरुण अशा जुन्या, कवडीमोलाने मिळणाऱ्या गाड्या घेऊन त्या अधिक वेगवान करण्याच्या नादी लागले होते. तेथे वाळवंटी भागात आटलेल्या सरोवरांची मैलोगणती सपाट पात्रे आहेत. त्यांवर ते शर्यती लावीत. वजन कमी व्हावे म्हणून मडगार्ड काढावयाचे, बॉनेट काढावयाचे, छत खाली आणावयाचे आणि मोठे इंजिन बसवावयाचे. फोर्डने १९३२ मध्ये आठ सिलिंडरांचे स्वस्त इंजिन बाजारात आणले, ते तर या तरुणांना वरदानच वाटले. युद्ध संपल्यावर सैन्यातून यंत्रविद्या शिकून परतलेल्या तरुणांनी हा नाद देशभर पसरविला, आणि १९४८ च्या जानेवारीत त्यास वाहिलेले 'हॉट रॉड' नावाचे मासिकही निघाले. या गाड्यांनाही 'हॉट रॉड' हेच नाव होते.

पुढे मात्र, जसे अनेक नादांचे होते तसे याचेही झाले. गरिबांच्या पोरांचा खेळ श्रीमंतांचा शौक बनला. आरशासारखा रंग, चांदीसारखा मुलामा आणि लाखो रुपयांचा खर्च! गाडी इतकी मौल्यवान झाली की ती रस्त्यावर चालविण्याऐवजी दुसऱ्या गाडीवर चढवून प्रदर्शनास न्यावी लागे. या डामडौलास कंटाळून विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत काही हौशी लोकांनी पुन्हा भंगाराकडे मोर्चा वळविला. त्यांनी गंजलेली जुनी पिकअप आणली, हाती लागतील ते भाग जोडले, रंग दिलाच नाही आणि गाडी रस्त्यावर काढली. नाके मुरडणाऱ्यांनी तिला उंदराची उपमा दिली. मालकांनी ते नाव आनंदाने पत्करले. 'रॅट रॉड' हे नाव रूढ झाले ते असे.

आता अशी गाडी घडते तरी कशी? याचे मर्म गाडीच्या चासीत आहे. आजच्या बहुतेक लहान मोटारींत कवच आणि सांगाडा ही दोन निराळी अंगे नसतात. पत्र्याचे कवच हाच सांगाडा. खेकड्याची पाठ जशी, तशी ही रचना समजावी. तिचा एखादा भाग कापला तर साऱ्या गाडीचे बळ जाते. जुन्या पिकअपची, मालमोटारीची व जीपची गोष्ट निराळी. तिच्याखाली पोलादाच्या दोन लांब पट्ट्या व त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात. ही शिडीच्या आकाराची चौकट म्हणजे चासी. इंजिन, गिअरबॉक्स, आस, चाके, सारे या शिडीला जखडलेले. केबिन आणि हौदा हे केवळ वरून बोल्टांनी बसविलेले. बोल्ट सोडले की वरचा भाग उचलून बाजूला ठेवता येतो, जशी बैलगाडीवरची साटी उचलावी तशी. म्हणून एका गाडीची चासी, दुसरीची केबिन आणि तिसरीचे इंजिन असा संसार मांडणे शक्य होते.

रॅट रॉड करणारे कारागीर तीन कामे विशेष करून करतात. पहिले छताचे. केबिनच्या खांबांतून काही इंचांची पट्टी कापून काढतात व वरचा भाग खाली आणून पुन्हा जोडतात, त्यामुळे गाडी बसकी दिसते. दुसरे केबिनच्या तळाचे. तळ कापून केबिन चासीच्या वर न ठेवता तिच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरवितात. तिसरे काम स्वतः चासीचे. तिच्या पट्ट्या कापून जिन्याच्या पायरीसारखा मोड देतात, म्हणजे गाडीचे सारे अंग जमिनीजवळ येते. बॉनेट नसल्याने इंजिन उघडे दिसते. दिवे एखाद्या ट्रॅक्टरचे, बैठक विमानातली, गिअरच्या दांड्यावर पान्हा किंवा नळाची चावी, अशी गंमतही पुष्कळ असते.

गंज तसाच राखण्यातही थोडे रसायनशास्त्र आहे. लोखंड, हवेतील ऑक्सिजन व ओलावा यांच्या संयोगाने गंज तयार होतो. तो मूळ लोखंडापेक्षा अनेक पट जागा व्यापतो, म्हणून फुगतो, पापुद्रे धरतो आणि गळून पडतो. ॲल्युमिनियमवर चढणारा थर घट्ट असल्याने आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असल्याने आतील लोखंड खातच राहतो. म्हणून जाणते कारागीर सुटा गंज घासून काढतात आणि उरलेल्या तांबूस पृष्ठावर तेलाचा किंवा पारदर्शक व्हार्निशचा हात देऊन हवा-पाणी रोखतात. बाहेरून जीर्ण दिसणारी गाडी चांगल्या हातून झाली असेल, तर आतून धडधाकट असते. हात कच्चा असेल, तर मात्र दिसते तशीच असते.

कोणी म्हणेल, ही सर्व सुखवस्तू देशाची कौतुके. आपल्याकडे असे काही आहे काय? आहे, आणि ते हौसेपोटी नसून गरजेपोटी आहे, एवढाच भेद. आपल्या देशात मालमोटार पुष्कळदा नुसत्या चासीच्या रूपात विकली जाई, आणि तिच्यावर अंग चढविण्याचे काम स्थानिक सुतार-लोहार करीत. गोव्यात लाकडी अंगाच्या लहान उतारू गाड्यांना 'कामियांव' म्हणत. मालमोटारीला पोर्तुगीज भाषेत जो शब्द आहे, त्याचेच हे कोकणी रूप. आम्हां कोकणी घरांतील वडील माणसांच्या बोलण्यात तो अजूनही येतो. महाराष्ट्रात १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी एसटीची पहिली गाडी सुटली. त्या एसटीने २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीमुळे प्रवासी नाहीसे झाले असता, आपल्या जुन्या प्रवासी गाड्यांची बाके काढून त्यांची मालवाहू वाहने बनविली. सरकारी महामंडळाने स्वतःच्या कारखान्यांत, नियमांच्या चौकटीत राहून केलेला हा गाडीचा दुसरा जन्मच होय.

दिल्लीत दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याने विकलेल्या हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकलींचा मागचा भाग कापून त्यांस उतारूंची पेटी जोडली गेली. या 'फटफटी' कनॉट प्लेस ते चांदणी चौक या बाजूस कित्येक दशके धावत होत्या. प्रदूषणाचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेल्यावर १९९८ च्या सुमारास त्या रस्त्यावरून उठल्या.

परंतु या जातीचे खरे थोर उदाहरण आपल्या गुजरातेतच आहे, आणि ते म्हणजे सौराष्ट्राचा 'छकडो'. मराठीत 'छकडा' म्हणजे लहान बैलगाडी. हा शब्द संस्कृत 'शकट' या शब्दापासून आला. बैल गेले, मोटरसायकल आली, पण नाव तेच राहिले. जे काम पूर्वी बैलांचा छकडा करी, तेच हे यंत्र करू लागले, तेव्हा लोकांनी दुसरे नाव शोधण्याची गरजच मानली नाही.

छकड्याचा पुढचा अर्धा भाग बुलेट मोटरसायकलचा. पुढचे चाक, दांडा, दिवा, पेट्रोलची टाकी व चालकाची बैठक, सारे ओळखीचे. मद्रासेस १९५५ मध्ये एनफील्ड इंडिया कंपनी निघाली, तेव्हापासून ही दणकट मोटरसायकल आपल्या देशात तयार होऊ लागली. सौराष्ट्रातील मिस्त्रींनी तिचे मागचे चाक काढले, त्या जागी लोखंडी पट्ट्यांची चौकट जोडली, चौकटीखाली दोन चाकांचा आस व कमानी बसविल्या आणि वर फळ्यांचा किंवा पत्र्याचा हौदा ठेवला. पुढे पेट्रोल महाग पडू लागले, तेव्हा बुलेटचे इंजिन काढून एका सिलिंडरचे डिझेल इंजिन बसविण्यात आले. ही गोष्ट सौराष्ट्रातच का घडली, याचे कारण उघड आहे. राजकोट हे शेतीपंपांच्या डिझेल इंजिनांचे मोठे केंद्र. तेथे गल्लोगल्ली अशी इंजिने ओतणारे, घासणारे व दुरुस्त करणारे हात होते. शिवाय गावे विखुरलेली, मोटारबस दिवसातून एखाददुसरी, आणि शेतात भुईमूग व कापूस. शेतकऱ्याला माल बाजारी न्यावयाचा आणि येताना चार माणसे आणावयाची. कारखान्यात तयार होणारी मालमोटार त्याला परवडत नव्हती.

येथे एक यांत्रिक अडचण होती, ती विद्यार्थ्यांनी समजून घ्यावी. मोटरसायकलला मागे एकच चाक असते. मागे दोन चाके बसविली आणि ती एकाच आसावर पक्की जखडली, तर गाडी वळताना पंचाईत होते. कारण वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला कापावा लागतो व आतल्याला जवळचा. मैदानावर कवायतीची रांग वळते तेव्हा कडेचा मुलगा भराभर चालतो आणि टोकाचा मुलगा जवळपास जागीच पाय आपटतो, तसेच हे. दोन्ही चाके सारख्याच वेगाने फिरली तर एक चाक फरफटत जाईल. यासाठी आसाच्या मध्यभागी दंतचक्रांची एक पेटी असते. तिला डिफरन्शिअल म्हणतात. इंजिनाची शक्ती दोन्ही चाकांना मिळूनही त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरण्याची मोकळीक ती देते. पुस्तकात आकृती काढून शिकविले जाणारे हे तत्त्व गावच्या मिस्त्रींनी जुन्या गाड्यांच्या आसांवरून हाताने जाणून घेतले.

या गावठी वाहनातूनच पुढे एक उद्योग उभा राहिला. राजकोट जिल्ह्यातील अतुल ऑटो ही कंपनी छकड्यातूनच वाढली, आणि कालांतराने तिने नियमांत बसणाऱ्या आधुनिक तीनचाकी गाड्या काढल्या. धुराचे व सुरक्षिततेचे नियम कडक होत गेले तसा जुना छकडा मागे पडला. पिकअपच्या जन्माची जी कथा आपण वर पाहिली, तिच्याशी ही ताडून पाहावी. तेथेही आधी शेतकऱ्याने पेटी ठोकली, मग कारखान्याने तिचे अनुकरण केले.

मराठी मुलखातीलही एक हकीकत सांगतो. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. तेथील एका लोहारकाम करणाऱ्या कारागिराने मुलाच्या हौसेखातर, जुन्या गाड्यांच्या भंगारातून व दुचाकीच्या भागांतून, सुमारे ६० हजार रुपयांत एक छोटी जीप तयार केली. ती दुचाकीसारखी किक मारून चालू होई. सन २०२१ च्या डिसेंबरात तिचे चित्र देशभर पोहोचले. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी, ही गाडी कोणत्याच नियमात बसत नाही असे स्पष्ट म्हणूनही, कारागिराच्या कल्पकतेची तोंड भरून वाखाणणी केली व गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. पुढच्याच महिन्यात ही अदलाबदल झाली. ज्या जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगर घडविले, त्याच जिल्ह्यातील ही घटना होय.

या हकिकतीत कौतुक आणि नियम अशा दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. आमच्या विषयाचा खरा पेच येथेच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वये, निर्मात्याने दिलेल्या व नोंदणीपत्रात नमूद झालेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकास गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच गोष्ट पुन्हा ठामपणे सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा बदलास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. जुन्या मोटारींसाठी २०२१ च्या जुलैत निराळे नियम झाले. पन्नास वर्षांहून अधिक जुन्या गाडीस २० हजार रुपये शुल्क भरून 'व्हिंटेज' म्हणून दहा वर्षांची नोंदणी मिळते. पण अट अशी, की चासी, अंग व इंजिन यांत महत्त्वाचा फेरफार झालेला नसावा, आणि गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणू नये. म्हणजे राजवाड्याच्या आवारात उभी राहणारी मोटार कायद्यास मान्य आहे, अमेरिकन पद्धतीची रॅट रॉड मात्र आपल्या रस्त्यावर येऊ शकत नाही. जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरणही १३ ऑगस्ट २०२१ रोजी गुजरातेतच, गांधीनगर येथील परिषदेत, जाहीर झाले.

कोणास वाटेल, हा कायदा कल्पकतेचा शत्रू आहे. आम्हांस तसे वाटत नाही. त्यामागील कारणे पदार्थविज्ञानाची आहेत. एक साधा हिशेब पाहा. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक दाबल्यावर थांबण्यास सुमारे ९ मीटर अंतर घेते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ८० झाला, तर हे अंतर दुप्पट होत नाही. ते चौपट, म्हणजे सुमारे ३६ मीटर होते. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि ती सारी ऊर्जा ब्रेकांना उष्णतेच्या रूपाने गिळावी लागते. आता वीस अश्वशक्तीच्या गाडीसाठी बनविलेले ब्रेक तसेच ठेवून तिच्यात दोनशे अश्वशक्तीचे इंजिन बसविले, तर काय होईल, हे निराळे सांगणे नको.

दुसरे कारण सांध्याचे. पोलादाला वेल्डिंग करताना शिवणीच्या बाजूची पट्टी तापून पुन्हा निवते, आणि त्या पट्टीतील धातूची घडण बदलते. काळजी घेतली नाही तर तेथे तो ठिसूळ होतो. चासीला रोज हजारो धक्के बसतात. एखादी तार वारंवार वाकविली असता जशी तुटते, तशी ही शिवणही एक दिवस सुटते, आणि ती सुटण्यापूर्वी कोणास वर्दी देत नाही. तिसरे कारण तोलाचे. छकड्यासारख्या तीनचाकी वाहनाला पुढे आधार एकाच चाकाचा. हौद्यात माणसे दाटीने भरली आणि वळण वेगाने घेतले, तर तोल बाहेर जाऊन वाहन कलंडते. छकड्याने गोरगरिबांची मोठी सेवा केली हे जितके खरे, तितकेच त्याच्या काठावर लोंबकळत जाणाऱ्यांचा जीव टांगणीला होता हेही खरे. ज्यांना दुसरे वाहन मिळत नव्हते, त्यांनी तो धोका पत्करला. हौसेसाठी तोच धोका पत्करणे, आणि तोही रस्त्यावरील परक्या माणसाच्या वतीने, याला काय म्हणावे?

हे आम्ही विशेष आग्रहाने लिहीत आहोत, कारण वरच्या वर्गांतील काही मुले दुचाकीचा आवाज काढून टाकणारा भाग, म्हणजे सायलेन्सर, बदलून त्या जागी कर्कश नळी बसवितात, आरसे काढतात, मागचा मडगार्ड कापतात आणि यालाच यंत्रकौशल्य समजतात. मित्रहो, यात कौशल्य ते कोठे आहे? दुकानातून आणलेली नळी दोन बोल्टांनी आवळली, एवढेच ना! छकडा करणाऱ्या मिस्त्रीने शेतकऱ्याची अडचण ओळखली होती, देवराष्ट्र्याच्या कारागिराने प्रत्येक भाग स्वतःच्या हाताने जुळविला होता. त्यांच्याकडून घ्यावयाचे ते हे. कापाकापीचा हुरूप कोणालाही येतो. कापण्यापूर्वी मोजण्याची सवय थोड्यांनाच असते.

ज्याला ही विद्या खरोखर हवी आहे, त्याला मार्ग मोकळे आहेत, आणि ते कायद्याच्या आतील आहेत. अपंग व्यक्तीस चालविता यावी म्हणून गाडीत फेरबदल करण्यास कायदा परवानगी देतो. पाय नसलेल्या माणसाला हाताने ब्रेक लावता यावा, अशी योजना करण्याहून गाडीचा दुसरा सुंदर पुनर्जन्म कोणता? जुन्या गाडीत मान्यताप्राप्त विजेरी संच बसविण्याचीही तरतूद झालेली आहे, आणि असे संच व वाहने तपासण्याचे काम पुण्याची, १९६६ मध्ये स्थापन झालेली, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था करते. अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः आखलेली व स्वतः जोडलेली गाडी खडबडीत मैदानावर पळवितात, अशी 'बाहा' नावाची स्पर्धा २००७ पासून आपल्या देशात भरत आहे. तेथे गाडी धावण्यापूर्वी तिचे ब्रेक, सांगाडा व चालकाचे पट्टे यांची कसून तपासणी होते. ब्रेकच्या परीक्षेत नापास झालेली गाडी कितीही वेगवान असो, ती स्पर्धेत उतरू शकत नाही.

आणि आपल्या बडोद्याला तर या विद्येची परंपराच आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये येथे कलाभवनाची स्थापना केली. हातात हत्यार घेणाऱ्या माणसाला शास्त्रही कळावे, आणि शास्त्र शिकणाऱ्याचा हातही चालावा, हा त्यामागील हेतू होता. प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञाने त्या संस्थेची धुरा वाहिली, आणि भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे त्याच कलाभवनाचे विद्यार्थी. आज ती संस्था महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी शाखेच्या रूपाने उभी आहे.

आपल्या समाजात मात्र अजूनही एक उणीव दिसते. पाल्य पदवीधर झाला की पालकांना धन्यता वाटते; तो गॅरेजमध्ये काळ्या हातांनी उभा राहिला की त्यांना संकोच वाटतो. वस्तुतः बंद पडलेले इंजिन कानाने ऐकून त्याचा दोष सांगणाऱ्या मिस्त्रीपाशी जे ज्ञान आहे, ते कोणत्याही पदवीहून कमी नाही. ते कागदावर उतरलेले नाही, म्हणून त्याच्या माघारी नाहीसे होते, ही त्यातील दुःखाची गोष्ट. जुना छकडा रस्त्यावरून गेला, त्याबद्दल शोक करण्याचे कारण नाही. परंतु तो ज्यांनी घडविला, त्यांचे आस जुळविण्याचे, वजन तोलण्याचे आणि थोडक्यात निभावण्याचे ज्ञान त्याच्याबरोबर भंगारात जाऊ देता कामा नये.

म्हणून सुटीच्या दिवशी जवळच्या गॅरेजात जावे, मिस्त्रीकाकांची परवानगी घ्यावी, आणि ते गाडी उघडतील तेव्हा शांतपणे शेजारी उभे राहून पाहावे. प्रश्न विचारावेत, वहीत आकृती काढावी, मापे टिपून ठेवावीत, आणि घरी येऊन ती आपल्या विज्ञानाच्या पुस्तकाशी ताडून पाहावीत. वहीतील आकृती व हातातील पान्हा यांची ओळख पटली, म्हणजे पुढे जुन्या गाडीतून जी नवी गाडी तुम्ही घडवाल, तिच्यात आपल्या घरच्या माणसांना निर्धास्तपणे बसविता येईल.